न पेरलेल्या गवताचा इतिहास

चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या आगेमागे पाठवलेले एक पत्र मराठी माणसाला ऐकून-वाचून ठाऊक असते. लष्कराने कुणब्याच्या घरातले काही उचलू नये, लागेल ते बाजारातून विकत आणावे, रयतेचा तळतळाट घेऊ नये, एवढा त्यातला भाग भाषणांतून नेहमी येतो. सबंध पत्र वाचले तर मात्र ते मुळात वैरणीचे पत्र आहे. पावसाळा तोंडावर आहे, घोडी छावणीला आहेत आणि साठा मोजका आहे. आहे तोवर मनमुराद खाऊ घालाल आणि ऐन पावसात तो संपला की घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही गावात शिराल, असा सरळ हिशेब त्यात मांडलेला आहे. पुढची सूचना त्याहून बारीक आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी आगटी पेटवेल, कोणी चिलीम ओढेल, कोणी दिवा तसाच ठेवून झोपी जाईल, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि तेवढ्याने सगळे गवत भस्म होईल. गवत राखायचे कसे, याचा इतका काटेकोर विचार करणाऱ्या या पत्रात गवत आणायचे कुठून याला फारशी जागा नाही. तशी गरजही नव्हती. गवत डोंगरात आणि कुरणात आपोआप उगवत होते. ते राखायचे, कापायचे, वाळवायचे आणि रचायचे. पेरण्याचा प्रश्न कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

हा प्रश्न पुढेही दोनअडीचशे वर्षे आला नाही, आणि माझ्या मते आपल्याकडच्या चाऱ्याच्या इतिहासाची किल्ली इथेच आहे. हिरवा चारा हवाबंद करून मुरवण्याची पद्धत, म्हणजे आज ज्याला सगळे मूरघास म्हणतात ती, १८८० च्या दशकात युरोपातून हिंदुस्थानात आली. लष्कराच्या गवत-फार्मांवर आणि सरकारी शेतीक्षेत्रांवर तिचे प्रयोग झाले. खड्डा खणणे, चारा तुडवून भरणे आणि वरून मातीने लिंपणे यांत न जमण्यासारखे काही नव्हते. तरी जवळजवळ शंभर वर्षे ती पद्धत पुस्तकांत आणि प्रात्यक्षिकांतच राहिली. नंतर गेल्या दोन-तीन दशकांत ती नगर, पुणे, सांगली, कोल्हापूरकडच्या दूधवाल्या गावांत अशी रुळली, की आता मूरघासाच्या पिशव्या भुशाच्या पोत्यांसारख्या विकत मिळतात. या उशिराचे कारण म्हणून शेतकऱ्याचे अज्ञान, त्याचे दारिद्र्य किंवा सरकारी खात्यांची सुस्ती सांगण्याची रीत आहे. तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही अपुरी आहेत. जे गवत कोणी पेरलेच नव्हते ते मुरवण्याचा खटाटोप कोणी का करावा? चारा टिकवण्याची विद्या चारा पेरण्याच्या मागून येते, आणि आपल्याकडे पेरणीच उशिरा आली, हे माझे म्हणणे आहे.

जुन्या व्यवस्थेत चारा दोन वाटांनी येत असे. एक वाट धान्यामागून येणारी, देशावर कडब्याची आणि कोकणात पेंढ्याची. दुसरी वाट बांध, माळ, गायरान, डोंगरउतार आणि राखीव कुरणे यांवरच्या गवताची. पेशवाईत पागांसाठी कुरणे राखली जात. इंग्रजी अमलात त्यांतली काही लष्कराकडे आणि जंगलखात्याकडे गेली, काहींच्या गवताचा दरसाल लिलाव होऊ लागला. पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी ही गुरे आवडीने खातात अशी गवते, आणि जमीन खराब होत गेली की त्यांची जागा घेणारी कुसळी, हा क्रम गुराख्यालाही पाठ होता. अडचण वेळेची होती. यातले बहुतेक गवत फुलोऱ्यावर येते ते पाऊस सरत आला असता, आणि त्या वेळी त्यात प्रथिने सहा-सात टक्के असतात. त्याच वेळी कापून पसरले तर पावसाच्या सरीत कुजते. दिवाळीनंतर कापले तर छान वाळते, पण तोवर बी झडलेले असते, काडी कडक झालेली असते आणि प्रथिने दोन-तीन टक्क्यांवर उतरलेली असतात. कुसळीचे टोकदार कुसळ जनावराच्या तोंडात रुतते ते वेगळेच. म्हणजे आपण पिढ्यानपिढ्या गवत वाळवत होतो ते बव्हंशी त्यातला जीव गेल्यावर.

लिलावाने ही खोड पक्की केली. लिलाव घेणाऱ्याला एका हंगामाचे गवत मिळे आणि तो ते भाऱ्यावर किंवा वजनावर विके. लवकर कापण्यात त्याचा तोटाच होता, कारण ओले गवत वाळून घटते, पावसात सडण्याची जोखीम असते आणि कसदार गवताला दोन पैसे जास्त देणारा गिऱ्हाईक नसतो. गायरानावर तर एवढाही धनी नव्हता. तिथे जो आधी जनावर सोडील त्याचे गवत, म्हणून ते कापण्याच्या लायकीचे होण्याआधीच चरून जाई. गवताचा कस टिकवण्यात ज्याचे हित आहे असा माणूसच या साखळीत कुठे नव्हता.

खड्ड्यात हवाबंद साठवण आपल्याला परकी होती, असे मात्र म्हणता येणार नाही. ज्वारीची पेवे देशावर गावोगाव होती. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची पेवे तर अलीकडेपर्यंत नांदती होती आणि २००५ च्या महापुराने त्यांचे मोठे नुकसान झाले. पेवाचे शास्त्र तिथल्या हमालांना अंगवळणी पडलेले होते. तोंड बंद झाले की आतली हवा मरते, किडीला जगता येत नाही आणि माल टिकतो. पेव उघडल्यावर ताबडतोब आत उतरणारा माणूस गुदमरून मरू शकतो, म्हणून आधी दिवा सोडून बघायचा. हवा काढून घेतली की वस्तू टिकते, हे मूरघासाचे अर्धे शास्त्र आहे. उरलेले अर्धे म्हणजे आंबवण. ओल्या चाऱ्यातल्या साखरेवर जिवाणू वाढतात, लॅक्टिक आम्ल तयार होते, सामू चारच्या आसपास उतरतो आणि मग सडवणाऱ्या जिवाणूंचे काही चालत नाही. ज्या मुलखात डोशाचे पीठ, ताक आणि लोणचे घरोघर आहे तिथे हेही नवल नव्हते. तरीही ज्वारी आणि हळद पेवात गेली आणि गवत कधी गेले नाही. पेव खणणे, लिंपणे, भरणे, राखणे याला खर्च आहे, आणि तो खर्च माणूस पेरलेल्या, राबून पिकवलेल्या मालासाठीच करतो.

युरोपातला दाखलाही याच बाजूचा आहे. फ्रान्सच्या सोलोन्य भागात ऑग्युस्त गॉफार या जमीनदाराने मका चिरून खड्ड्यांत मुरवली आणि १८७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. दोन वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कमध्ये निघाले. अमेरिकेत ही कल्पना झपाट्याने रुजली, कारण तिथे मका पेरलेलीच होती. इंग्लंडमध्येही ओल्या उन्हाळ्यांनी गांजलेल्या जमीनदारांनी १८८० च्या दशकात हौसेने खड्डे बांधले, चर्चा झाल्या, आयोग बसला, रॉथॅमस्टेडच्या शेती-संशोधन केंद्रातल्या लॉझने प्रयोग करून शंका काढल्या. शतक संपेपर्यंत ती लाट ओसरलीही. कारण इंग्रज शेतकरी त्या खड्ड्यांत भरत होता ते बहुतेक जुन्या, कायमच्या कुरणांतले गवत, आणि तेही ज्या वर्षी वाळवता आले नाही त्या वर्षी. वाळवण फसली तर खड्डा, एवढाच त्याचा मान होता. पाऊस थांबला की खड्डाही थांबला.

तिथे चित्र पालटले ते गवत पीक झाल्यावर. १९१९ मध्ये वेल्समधल्या अॅबरिस्टविथला गवत-पैदास केंद्र निघाले. जॉर्ज स्टेपलडनने तिथे रायग्रास, टिमोथी, पांढरे क्लोव्हर यांचे निवडक वाण काढले आणि जुनी कुरणे नांगरून तीन-चार वर्षांपुरते नवे गवत पेरा, मग पुन्हा धान्य घ्या, असा आग्रह आयुष्यभर धरला. महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, ब्रिटिश सरकारने जुने कुरण मोडण्यासाठी एकरी दोन पौंड देऊ केले आणि नांगर चालू लागला. आता नव्याने पेरलेल्या या गवताची एक खोड लक्षात घेण्यासारखी आहे. ते कोवळे, पानाळ आणि पाण्याने भरलेले असते. वाळायला चार-पाच दिवस शेतात पडून राहिले तर पाने झडतात, आणि कापून पसरलेल्या जाड थराखाली नुकतीच धरलेली क्लोव्हरची रोपे गुदमरतात. तेच गवत कापून एक-दोन दिवसांत उचलले आणि मुरवले तर खालच्या रोपांना ऊन मिळते आणि रायग्रासमधली साखर आंबवणीला आयती उपयोगी पडते. एक सावधगिरी लागते ती मातीची. नव्या पेरणीच्या पहिल्या कापणीत जमीन अजून भुसभुशीत असते, मुळे घट्ट धरलेली नसतात, खाली कापले की ढेकळे आणि तण बरोबर येतात. मातीतले जिवाणू आंबवण बिघडवतात आणि खड्ड्याला उग्र, खवट घाण सुटते. म्हणून पहिली कापणी उंचावरून घ्यायची. इतकी काळजी न पेरलेल्या कुरणासाठी कोणी घेतली नव्हती. याच काळात फिनलंडच्या आर्तुरी व्हिर्तानेनने चाऱ्यात आम्ल मिसळून तो टिकवण्याची रीत काढली आणि १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. एवढे होऊनही ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापर्यंत वाळलेल्या गवताचाच वरचष्मा होता. मोठ्या गोल गाठी बांधणारी यंत्रे आणि त्यांना गुंडाळणारे प्लॅस्टिक आले ते त्यानंतर. म्हणजे पेरणी आधी आणि यंत्र नंतर. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे तो उलटा समजला जातो.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो जुजबी नाही. ठाणे जिल्ह्यात न पेरलेल्या गवताच्याच गासड्या बांधल्या जात होत्या, त्याचे काय? गोष्ट खरी आहे. मुंबईला घोडे होते, तबेले होते, बैलगाड्या होत्या. ९ मे १८७४ ला सुरू झालेल्या ट्रामच्या कंपनीकडे आरंभी ९०० घोडे होते असे सांगतात, आणि १९०५ मध्ये घोड्यांची ट्राम बंद झाली तेव्हा ते तेराशेच्या वर गेले होते. या जनावरांना मुंबईच्या बेटावरच्या गवतावर जगणे शक्य नव्हते. कल्याण, शहापूर, वाडा, पालघर या बाजूच्या डोंगरातले गवत दाबून, बांधून शहराकडे येऊ लागले, आणि त्या भागातला गवत-पावलीचा व्यापार घोडे गेल्यावरही तबेल्यांच्या म्हशींसाठी चालू राहिला. दुष्काळातही हेच गवत कामी आले. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत आणि दख्खनमध्ये गुरे पटापट मरू लागली तेव्हा जंगलखात्याने गवत कापून, दाबून रेल्वेने पाठवले. पण या गासड्यांकडे नीट पाहिले तर त्या चाऱ्याचा कस टिकवण्यासाठी नव्हत्याच. सुटे गवत रेल्वेच्या डब्यात भरले तर डबा भरतो आणि वजन होत नाही, भाडे मात्र डब्याचे पडते. दाबयंत्राने ती अडचण सोडवली. गासडी हे वाहतुकीचे साधन होते. तिच्यात गेलेले गवत दिवाळीनंतरचे, उभे वाळलेले, तेच होते.

शिवाय या व्यापाराची किंमत कोणी मोजली हेही पाहावे लागते. जंगलखात्याने डोंगर आणि गायराने आपल्या हाताखाली घेतल्यावर शेतकऱ्याला शेळी चारायलाही जागा उरली नाही, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली आहे. ठाणे-कुलाब्याकडून इतकी ओरड झाली, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगलविषयक आयोग नेमावा लागला. तिथल्या भातशेतीला राबासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर जाळायला, पालापाचोळा आणि गवत लागे, घरच्या गुरांना चरायला रान लागे, आणि त्याच रानातले गवत आता खात्याच्या हिशेबी उत्पन्नाचे साधन झाले होते. गवताला भाव आला, पण तो ज्याच्या दारात उगवते त्याला नव्हे. न पेरलेल्या वस्तूवर मालकी कोणाची, हा वाद नेहमी बलवानाच्या बाजूने सुटतो.

दुसरा आक्षेप कडब्याचा, आणि तो अधिक अवघड आहे. ज्वारी पेरलेलीच होती की. मग पेरलेला चारा आपल्याकडे नव्हता असे कसे म्हणता? उलट असेही म्हणता येईल, की कडब्याइतकी शहाणी व्यवस्था दुसरी नाही. रब्बीची ज्वारी कोरड्या हवेत निघते, धाट उभ्या-उभ्याच वाळते, पेंढ्या बांधून बुचाड घातले की वर्ष-दोन वर्षे चारा टिकतो. ना खड्डा, ना मीठ, ना मळी. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ दाण्याइतकीच कडब्यासाठी आजही पेरली जाते, आणि चांगल्या कडब्याची शेकड्याची किंमत ऐकली तर शहरातला माणूस चपापतो. हे सगळे मला मान्य आहे. पण कडबा हा धान्यामागून येणारा चारा आहे आणि ज्वारी कापण्याची वेळ दाणा ठरवतो, जनावर ठरवत नाही. दाणा भरेपर्यंत धाटातला रस दाण्यात गेलेला असतो. बैलाला तो पुरतो. औत ओढण्याला ऊर्जा लागते आणि ती बैल काडीतून काढू शकतो. दिवसाला पंधरा-वीस लिटर दूध देणाऱ्या गाईला तो पुरत नाही. म्हणून कडब्याची व्यवस्था शहाणी होती ती बैलाच्या युगात, आणि त्या युगात मूरघास न करणारा शेतकरी चुकत नव्हता. प्रात्यक्षिके करणाऱ्या सरकारी खात्यांना हे समजले नाही. ती त्याला अशा प्रश्नाचे उत्तर शिकवत होती जो त्याला पडलेला नव्हता.

खात्यांतल्या जाणत्यांना मात्र मूळ दुखणे दिसत होते. पुण्याच्या शेती महाविद्यालयातल्या विल्यम बर्न्सने लक्ष्मण कुलकर्णी आणि गोडबोले या सहकाऱ्यांबरोबर पश्चिम भारतातल्या गवतांचा आणि कुरणांचा अभ्यास केला. तो १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. कुरण राखले, वेळेवर कापले, चराई आवरली तर कुसळी मागे हटते आणि चांगली गवते परत येतात, अशी त्या कामाची दिशा होती. शेतीविषयक लिनलिथगो आयोगानेही १९२८ च्या अहवालात जनावरांच्या चाऱ्याचा सविस्तर विचार केला आणि हिरवा चारा पिकवण्याचा व मुरवण्याचा पुरस्कार केला. पेरलेला चारा नियमाने वापरणारी ठळक ठिकाणे दोन होती. एक लष्कर. १ फेब्रुवारी १८८९ ला अलाहाबादला पहिला लष्करी फार्म निघाला आणि २०२१ मध्ये सगळे बंद झाले, त्या दरम्यान पुण्याजवळच्या पिंपरीसह ठिकठिकाणी चारा पिकवला गेला. दुसरी मुंबईची आरे वसाहत. १९४९ मध्ये तबेले शहराबाहेर काढून तिथे म्हशी नेल्या तेव्हा त्यांच्यासाठी पॅरा गवत लावले गेले. दोन्हीकडे दूध किंवा घोडदळ हे ठरलेले काम होते, जमीन हाताशी होती आणि पगारी माणसे होती. शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याकडे तिन्हींतले एकही नव्हते, म्हणून कुंपणाच्या आतली गोष्ट बाहेर आली नाही.

ती बाहेर आली संकरित गाईमुळे. १९७० नंतर दूध महापूर योजना, तालुक्या-तालुक्यातले दूध संघ, उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेचे कृत्रिम रेतनाचे काम आणि होल्स्टिन-जर्सी रक्ताची गाय, यांनी दहा-पंधरा वर्षांत गोठ्याचे गणित बदलले. त्याच सुमाराला राहुरीच्या कृषी विद्यापीठातून चाऱ्यासाठीच पेरायची आफ्रिकन टॉल मका आली, बाजरी आणि नेपिअरच्या संकरातले यशवंत आणि पुढे जयवंत हे वाण आले, लसूणघास तर होतीच. गुंठे-दोन गुंठ्यांपासून सुरुवात करून बागायतदाराने एकराएकराने चारा पेरायला घेतला. जमिनीचा तो तुकडा उसाकडून किंवा भाजीपाल्याकडून काढून घेतलेला असे, म्हणून त्यातला प्रत्येक भारा मोजला जाऊ लागला. शिवाय पेरलेल्या चाऱ्याला पेरणीची तारीख असते. डोंगरातल्या गवताला ती नसते. मूरघासाचे सगळे यश कापणीच्या दिवसावर उभे आहे, आणि तो दिवस ठरवायला पेरणीचा दिवस माहीत असावा लागतो. मका पंचाहत्तर-ऐंशी दिवसांची झाली की शेतकरी कणीस सोलून दाणा नखाने दाबतो. चीक घट्ट होऊन पिठाळ व्हायला लागला असेल तर कुट्टी करून मूठभर हातात दाबतो. पाणी ओघळले तर घाई झाली. मूठ उघडताच गोळा विस्कटला तर उशीर झाला. गोळा राहून हळूहळू सुटला तर पासष्ट-सत्तर टक्के ओल आहे, भरायला हरकत नाही. मग एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी थराथराने पसरायची आणि ट्रॅक्टर मागे-पुढे करून दाबायची. चाक भिंतीला टेकत नाही, म्हणून कडेचा हातभर पट्टा माणसांनी पायांनी तुडवायचा. बुरशी धरते ती पहिल्यांदा तिथेच. दीड महिन्याने कागद उघडला की पिवळसर-हिरवा रंग आणि आंबूस वास आला पाहिजे.

सगळे पेरलेले चारे सारखे मुरत नाहीत, हेही या गावांनी अनुभवाने शिकून घेतले. लसूणघासेत प्रथिने जास्त आणि साखर कमी, ती आम्ल चढू देत नाही, म्हणून ती हिरवी किंवा वाळवूनच द्यावी. नेपिअरचे ठोंब लावल्यावर पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी येते. त्यात पाणी ऐंशी टक्क्यांच्या आसपास आणि जोडीला तण-माती, म्हणून ती हिरवीच गोठ्यात गेलेली बरी. पुढच्या कापण्या अर्धा दिवस सुकवून, थोडी मळी घालून मुरवता येतात. मक्याला यातले काही लागत नाही, म्हणून मूरघास म्हटले की मकाच डोळ्यांसमोर येते.

कोणी म्हणेल, हे सगळे प्लॅस्टिकने आणि कुट्टी यंत्राने झाले, पेरणीने नव्हे. यंत्राने सोय केली यात शंका नाही. पण कडबाकुट्टी यंत्रे मूरघासाच्या आधी कितीतरी वर्षे गावात होती आणि ती कडबाच कापत होती. आणखी कोणी म्हणेल, ज्वारी गेली, सोयाबीन आणि कापूस आला, कडबा मिळेना, म्हणून नाइलाजाने मूरघास आला. या म्हणण्यात चाऱ्याच्या टंचाईचे कारण बरोबर सांगितले आहे. मात्र ज्वारीखालचे क्षेत्र मराठवाड्यात आणि विदर्भात प्रचंड घटले, आणि मूरघास आधी रुजला तो प्रवरेच्या, पंचगंगेच्या पाण्यावरच्या गावांत. टंचाईने मूरघास आला असता तर तो टंचाईच्या मुलखात आधी यायला हवा होता.

माझ्या म्हणण्याला खरी अडचण आहे ती हिवरे बाजारसारख्या गावांची. तिथे मोकाट चराई बंद झाली, गवत विळ्याने कापून न्यायचे ठरले, आणि न पेरलेल्या डोंगरानेच गावच्या गोठ्यांना चारा दिला. मग पेरणी अनिवार्य कुठे राहिली? मला वाटते, या उदाहरणाने मुद्दा दुरुस्त होतो, खोटा ठरत नाही. ग्रामसभेने गवत कोणाचे, कधी कापायचे आणि किती द्यायचे हे ठरवले. जे काम पेरणीने एकट्या शेतकऱ्याच्या बांधावर केले तेच इथे ठरावाने सगळ्या गावाच्या डोंगरावर केले. गवताला धनी मिळाला आणि तारीख मिळाली. बर्न्सचे निष्कर्ष तेच सांगत होते, पण त्यांच्या मागे अशी ग्रामसभा नव्हती.

अशी गावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि गायरानावर अतिक्रमण झालेली, वनीकरणाखाली गेलेली किंवा नुसती उघडी पडलेली गावे हजारोंनी. १९७२ च्या दुष्काळात, २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये मराठवाड्यात, माणदेशात गुरांच्या छावण्या पडल्या. त्यांत दावणीला ऊस आणि उसाचे वाढे टाकले जात होते, म्हणजे बागायती पट्ट्यातल्या पिकाचा उरलासुरला भाग. मूरघास ही दुष्काळासाठीची तरतूद म्हणून पुस्तकात शिकवली जाते. प्रत्यक्षात ती विमा उतरवते त्या गोठ्याचा ज्याच्याकडे पाणी आहे. जिरायती शेतकऱ्याने मूरघास घ्यायचा तर विकतचा, पन्नास किलोच्या पिशवीत किंवा टनाच्या गाठीत, आणि त्याच्या दोन गावठी गाई व एक बैलजोडी त्या पिशवीची किंमत फेडण्याइतके देत नाहीत. त्याचे जनावर अजून कडब्यावर, बांधावरच्या गवतावर आणि दिवाळीनंतर कापलेल्या डोंगरावरच्या काडीवर उभे आहे. मुंबईच्या वाटेवरच्या वखारींत त्याच काडीच्या गासड्या अजून बांधल्या जातात.